चार बर्नर, चौदा माणसं आणि न बोलणारं भांडं

सुट्टीत आमच्या घरी सगळे जमले की आकडा चौदावर जातो, आणि शेगडीला बर्नर चार. गेल्या वेळी सूप, मटणाचा स्ट्यू, बीन्स आणि उकडलेले बटाटे असं सगळं एकाच वेळी गरम वाढायचा माझा हट्ट होता. सूप गरम होईपर्यंत स्ट्यू निवला, स्ट्यू पुन्हा चढवला तर तो खाली लागला. करपलेला वास दिवाणखान्यापर्यंत गेला. जाऊबाई दोनदा दारातून डोकावून "अगं, ये ना बाहेर" म्हणाल्या, मी दोनदा "आलेच" म्हणाले, आणि शेवटी ओट्याशी उभ्या उभ्याच जेवले.

या वेळी माळ्यावरून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, खाली काढला. दोन वर्षांपूर्वी भेट आलेला, सहा लिटरचा, बटणांचा. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. पाहुणे येण्याच्या आधी आठवडाभर तो हाताळून बघायचा असं ठरवलं, आणि बरंच झालं. कारण पहिला प्रयोग साफ फसला.

रविवार होता. किलोभर मटण, गाजरं, बटाटे, टोमॅटो, कांदा, सगळं चिरून एकदम आत लोटलं. शेगडीवर घालते तेवढंच पाणी घातलं आणि ‘लो’ दाबलं. तासाभराने सासूबाई आल्या. भांड्याला बाहेरून हात लावून बघितला, कान जवळ नेला.

"हे चालू आहे का नक्की? आवाज नाही, वास नाही."

"चालू आहे हो, दिवा लागलाय."

"दिवा काय, फ्रिजमध्येपण लागतो."

आता एवढं म्हटल्यावर झाकण उघडून दाखवणं आलंच. कोमट पाण्यात पांढरट मटण आणि जसंच्या तसं गाजर. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ते झाकण सहा-सात वेळा उघडलं असेल. सात तासांनी मटण मऊ होतं, गाजर मात्र कटकन मोडत होतं, बटाट्याच्या मधोमध कच्ची गाठ, आणि रस इतका पातळ की डाव फिरवला तर तळ दिसावा. तो सगळा ऐवज प्रेशर कुकरमध्ये ओतला, दोन शिट्ट्या काढल्या आणि गपगुमान जेवलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

रात्री माहितीपुस्तिका नीट वाचली, इकडेतिकडे शोधलं, आणि चुका एकेक करून समोर आल्या. पहिली म्हणजे पाणी. शेगडीवर वाफ उडून जाते, इथे ती झाकणाला लागून पुन्हा आत गळते. तासन्‌तास शिजूनही पाणी जवळजवळ आटतच नाही, उलट मटण आणि भाज्यांचं पाणी त्यात मिसळतं. त्यामुळे नेहमीच्या कृतीतलं पाणी निम्म्यावर आणायचं. दुसरी चूक भाज्यांची जागा. या भांड्यात तापणारी तार बहुधा कडेने गुंडाळलेली असते, त्यामुळे बाजू आणि तळ आधी तापतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. बटाटा-गाजर म्हणूनच तळाशी आणि कडेला लावायचं, मटण वर. ऐकायला उलटं वाटतं, पण मंद आचेवर मटणापेक्षा कंदमुळांनाच जास्त वेळ लागतो. भाजीच्या पेशी ज्याने एकत्र धरलेल्या असतात ते पेक्टिन साधारण 85 अंशांच्या पुढे सुटायला लागतं, आणि सोबत टोमॅटोसारखं आंबट असेल तर आणखी हटून बसतं. मटणातला चिवटपणा सत्तर-ऐंशी अंशांवरही विरघळत राहतो, फक्त त्याला तास लागतात. माझं मटण शिजलं आणि बटाटा रुसला, त्याचं कारण हे.

तिसरी चूक झाकण. एकदा उघडलं की आत कोंडलेली वाफ निघून जाते, आणि पहिल्या तापमानाला यायला पंधरा ते तीस मिनिटं जातात. आम्ही सात वेळा उघडलं. हिशेब तुम्हीच करा.

सोमवारी मी त्यात अन्न न घालता नुसतं पाणी घातलं, अर्ध्याहून थोडं वर, आणि ‘लो’वर आठ तास ठेवलं. ही परीक्षा नव्या-जुन्या कुठल्याही स्लो कुकरची घ्यावी. आठ तासांनी झाकण काढल्याकाढल्या थर्मामीटर बुडवायचा. 85 अंशांच्या खाली असेल तर भांडं पुरेसं तापत नाही, त्यात मटण शिजवायचं नाही. माझ्याकडे 93 आले. मला उगाचच अभिमान वाटला. मंगळवारी तेच ‘हाय’वर केलं आणि एक गैरसमज दूर झाला. मला वाटायचं, ‘हाय’ म्हणजे जास्त गरम. पण बहुतेक स्लो कुकर दोन्ही बटणांवर शेवटी जवळपास एकाच ठिकाणी, उकळीच्या जरासं खाली पोचतात. ‘हाय’वर तिथे तीन-चार तासांत जातात, ‘लो’वर सात-आठ.

मग त्या हळू चढणाऱ्या तापमानाचीच धास्ती वाटायला लागली. पाच ते साठ अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, तो पट्टा पटकन ओलांडायला हवा. म्हणून गोठलेलं मटण थेट यात कधीच घालायचं नाही, आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यायचं. आणि पहिला तास ‘हाय’वर, मग ‘लो’वर, हा माझा कायमचा शिरस्ता झाला.

बुधवारचा दुसरा प्रयोग जमला. मटणाचे मोठे तुकडे आधी कोरडे पुसले आणि लोखंडी कढईत चांगले तांबूस परतले. स्लो कुकर कितीही वेळ ठेवला तरी हा रंग येत नाही. त्याला 140 अंशांच्या आसपास कोरडी आच लागते आणि ओल्या भांड्याची मजल शंभराच्या पुढे जात नाही. कढईच्या तळाला जे चिकटलं होतं ते पेलाभर गरम पाण्याने खरवडून भांड्यात ओतलं. खरी चव तिथेच असते, ते धुऊन टाकणाऱ्याला माफी नाही. पाणी एवढंच. भांडं दोन तृतीयांश भरलं. आणि झाकणावर मी चक्क चिठ्ठी चिकटवली: ‘उघडू नये.’ सासूबाईंनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचे आठ तास त्या भांड्याला वळसा घालून जात होत्या.

एवढ्यावर मी चौदा माणसांचा बेत आखला. जाऊबाईंकडे फिरत्या खटक्याचा जुना, पाच लिटरचा स्लो कुकर होता, तो मागवला. त्यात बीन्स, कारण घरात चार जण शाकाहारी. आमच्याकडचा स्ट्यूला. शेजारून दोन लिटरचा एक इवलासा मिळाला, तो सफरचंदाच्या गरम रसाला.

बीन्सबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर सगळा गोतावळा रात्री आजारी पडेल. मी घेतला होता लाल राजमा. त्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खदखदत्या उकळीनेच मरतं. स्लो कुकरची मंद आच त्याला पुरत नाही. अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहूनही वाईट ठरू शकतो. चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होतात. म्हणजे भिजवलेला राजमा थेट भांड्यात टाकून ‘लो’वर ठेवणं ही आळसातली सगळ्यात धोकादायक युक्ती. मी तो रात्रभर भिजवला, पाणी फेकलं, नव्या पाण्यात शेगडीवर अर्धा तास खळखळ उकळला, तेही पाणी काढलं, आणि मगच तो स्लो कुकरमध्ये गेला. डब्यातला शिजवलेला राजमा वापरलात तर ही भानगड नाही.

आदल्या रात्री मी गाजरं, कांदे चिरून वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवले. मटण वेगळं, कच्चंच. परतून ठेवायचा मोह झाला होता, पण अर्धवट शिजवून थंड केलेलं मटण दुसऱ्या दिवशी पुन्हा हळूहळू तापवायचं म्हणजे जंतूंना दोनदा आमंत्रण. सकाळी परतायचं आणि लगेच आत. चिनी मातीचं आतलं भांडंच भरून फ्रिजमध्ये ठेवावं, असाही एक विचार आला होता. नवऱ्याने अडवलं. थंडगार जाड भांडं तापायला तास घेईल, आणि ते तापलेल्या साच्यात ठेवलं तर तडकेल. त्याचा हा एक सल्ला मी मान्य केला, बाकीचे अकरा नाहीत.

जेवण संध्याकाळी साडेसातला. सव्वादहाला दोन्ही मोठी भांडी चालू झाली. अकरा वाजता ओटा पुसून कोरडा, शेगडीचे चारही बर्नर मोकळे, आणि मी स्वयंपाकघरात उभी, हाताला काम नाही. इतका अस्वस्थ वेळ मी कधी काढला नव्हता. सवयीने डाव हातात घेतला आणि परत ठेवला.

दुपारी पुतण्या आणि त्याचे आई-वडील लवकर आले. त्याला कॉफी हवी होती. ओव्हनमध्ये केक होता, स्लो कुकर तीन, आणि त्याने किटलीचा प्लग नेमका त्याच लाइनवरच्या पॉइंटला लावला. खट्‌ आवाज झाला, भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी पडला. त्याने तो उचलला, किटली दुसरीकडे लावली, कॉफी घेऊन गेला. मला सांगायचं त्याच्या गावीही नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटांनी मी आत आले. जाऊबाईंच्या जुन्या कुकरचा दिवा जळतोय, शेजारचा इवलासाही चालू, आणि माझा मात्र काळाठिक्कर. काही क्षण कळेना. मग लक्षात आलं: खटक्याचं भांडं वीज परत आली की जिथे होतं तिथून पुढे चालतं, आणि माझं बटणांचं शहाणं भांडं सगळं विसरून बंद पडून राहतं. तुमचं काय करतं ते आधीच प्लग काढून, लावून बघा.

"किती वाजता गेली रे लाइट?"

"कसली लाइट, काकू?"

"एमसीबी!"

"हां, ती? चारला. चार-दहा. मोबाइलवर बघतो, कॉफीचा फोटो टाकलाय मी."

चार वाजून बारा मिनिटं, फोटोच्या साक्षीने. घड्याळात साडेचार. त्या दिवशी पहिल्यांदा ‘उघडू नये’ची चिठ्ठी बाजूला केली आणि थर्मामीटर बुडवला: 86. जाड भांडं, पोटभर अन्न, बंद झाकण. अठरा मिनिटांत त्याने फारसं काही सोडलं नव्हतं. झाकण घातलं, अर्धा तास ‘हाय’, पुन्हा ‘लो’. पण आम्ही घरी नसतो आणि वीज किती वेळ गेली ते कुणालाच माहीत नसतं, तर तो सगळा स्ट्यू शिजलेला दिसत असूनही टाकावा लागला असता. मला सकाळी लावून बाहेर निघून जा, हे या भांड्याचं मोठं आमिष वाटायचं. आता वाटत नाही. स्लो कुकर स्वतः वीज फार थोडी खातो, माझा मोठा अडीचशे वॉटच्या आसपास. घोळ करतात त्या किटली आणि ओव्हन. तेव्हापासून त्या पॉइंटवर टेप आहे.

सव्वासहाला दोन्ही पदार्थ तयार. रस अजूनही थोडा सैल होता, तर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घातलं आणि पंधरा-वीस मिनिटं ‘हाय’वर ठेवलं. साय अगदी शेवटी. सकाळी घातली असती तर फाटून दाणे दाणे झाले असते. कोथिंबीरही तेव्हाच. सफरचंदाच्या रसात मात्र मी एक चूक केलीच: दालचिनीसोबत लवंगा सुट्ट्या टाकल्या. तीन तासांत रस औषधासारखा लागायला लागला, मग गाळणीने मासे पकडावेत तशा लवंगा वेचत बसले. पुरचुंडीत बांधून घालायच्या आणि तासाभरात बाहेर काढायच्या.

आणि मग फोन आला. मोठ्या नणंदेची गाडी वाटेत अडकली होती, दीड तास तरी लागेल.

गेल्या वेळी हाच फोन आला असता तर मी रडले असते. बर्नर बंद, बर्नर चालू, तळ हलव, पाणी घाल, तोंड वाकडं. या वेळी मी एक बटण दाबलं, एक खटका फिरवला. ‘वॉर्म’. बाहेर जाऊन बसले. इतके दिवस शिजवण्यावर जीव काढत होते, पण चौदा माणसांच्या घरात या भांड्याचं खरं मोल या तिसऱ्या बटणात आहे. कुणी उशिरा येवो, कुणी लवकर भुकेजो, स्ट्यू साठ अंशांच्या वर, न करपता, कुणाचीही वाट बघत बसून राहतो. मात्र ‘वॉर्म’वर काही शिजत नाही, आणि थंड अन्न त्यावर गरम करायला ठेवणं म्हणजे जंतूंसाठी ऊबदार पाळणाच. आधी पूर्ण शिजलेलं, कडकडीत गरम, तेच तिथे ठेवायचं. मी दोन तास धरते, फार तर तीन. पुढे कडेचा रस सुकून काळपट होतो.

वाट बघताना पुतण्या मोबाइलवर काहीतरी वाचत होता. "काकू, हे भांडं कुणी काढलं माहितीये?" अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाने. त्याची आई लिथुआनियात वाढलेली, ज्यू कुटुंबातली. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी लोक बीन्स आणि मांसाचं चोलंट भांड्यात भरून गावातल्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी विझवलेली असे, पण तिची धग रात्रभर हळूहळू उतरत राही, आणि त्या धगीवर ते शिजे. आईने सांगितलेली ही गोष्ट मुलाच्या डोक्यात राहिली. त्याने 1936 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1940 मध्ये ते मिळालं. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉकपॉट’ म्हणून बाजारात आणलं.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हणजे सणाच्या दिवशी चुलीपाशी जायला लागू नये, म्हणूनच झालंय ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तरी तू सकाळपासून उभीच."

खरं होतं. काम कमी झालं नव्हतं. चिरणं, भिजवणं, उकळणं, परतणं, सगळं होतंच. ते फक्त आदल्या रात्री आणि सकाळी सरकलं होतं. पण संध्याकाळी सहा ते नऊ, जेव्हा माणसं घरात असतात, तेव्हा मी माणसांत होते.

वाढताना भांडी टेबलावर तशीच ठेवली, वायर भिंतीकडून घेऊन टेपने चिकटवली. बाहेरचा साचा चांगलाच तापतो, म्हणून लहान मुलांच्या बाजूला कोशिंबीर आणि ब्रेड. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव, शाकाहारी भांड्याच्या कडीला हिरवी फीत. फक्त एक कुणाला सांगून जमलं नाही: घेतल्यावर झाकण परत घाला. प्रत्येक जण झाकण उलटं बाजूला ठेवायचा आणि गप्पा मारत निघून जायचा. शेवटी ती राखण सासूबाईंनी घेतली. चिठ्ठी पाळणारी बाई झाकणाबाबत आता माझ्याहून कडक झाली होती.

उरलेला स्ट्यू रात्रीच उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये गेला. जाड भांड्यात तसाच ठेवला असता तर मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहिला असता. दुसऱ्या दिवशी शेगडीवर उकळी आणून खाल्ला, आणि आदल्या दिवसापेक्षा चांगला लागला. रिकामं भांडं मात्र तापलेलं असतानाच गार पाण्याखाली धरायची घाई कुणी करू नये. मी नवऱ्याच्या हातातून ते अक्षरशः काढून घेतलं. निवू दिलं, कोमट पाणी भरून ठेवलं, सकाळी हाताने पुसून निघालं.

तीन दिवसांनी जाऊबाईंचा फोन.

"अगं, माझ्या कुकरचं झाकण डुगडुगतंय. तुमच्याकडे काही पडलं-बिडलं का?"

मी ओट्याखालून आमचा काढून बघितला. आमचंही झाकण नीट बसत नव्हतं, एका बाजूने बोटभर बाहेर. सासूबाईंनी एकवार बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अदलाबदल झालीय. तरी मी म्हणत होते, सारखी उघडू नका."